अर्धा तास

परवा रविवारी सकाळी (म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची रात्र) नातवाचा फोन आला. लेकीचा मुलगा, वय वर्षे तेरा, मुक्काम टेक्सास. एरवी "आज्जी कशी आहेस, मी बरा आहे, आईला देतो" एवढ्यावर आटपणारा हा गडी त्या दिवशी भलताच रंगात आला होता. त्याच्या वर्गात एक मेक्सिकन मुलगा आहे, त्याच्या घरी गेला होता. तिथे भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका बॉक्सरचा फोटो लावलेला. हुलिओ सेझार चावेझ. मित्राच्या आजोबांनी मग याला बसवून सगळी कथा सांगितली. बाप रेल्वेत कामाला, लहानपण कुलियाकान नावाच्या गावी रेल्वेच्या जुन्या डब्यात गेलं, तिथून उठून तीन वेगवेगळ्या वजनांत विश्वविजेता झाला. पहिल्या ९० लढतींत एक बरोबरी, बाकी सगळ्या जिंकल्या! पहिली हार १९९४ साली. त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिको सिटीच्या ॲझ्टेका स्टेडियमवर त्याची लढत बघायला १ लाख ३२ हजार माणसं जमली होती म्हणे. पुढे तो दारूच्या आणि नशेच्या नादी लागला, त्यातूनही बाहेर आला, आता तसल्याच लोकांसाठी उपचार केंद्रं चालवतो. त्या घरात अजून त्याचं नाव काढलं की आजोबांचे डोळे भरून येतात.

हे सगळं सांगून झाल्यावर नातवाने विचारलं, "आज्जी, आपल्यात असा कोण आहे?"

'आपल्यात' म्हणजे मराठीत. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "आहेत की. खाशाबा जाधव. आणि तुझ्या मित्राला हेही सांग, की १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये आमच्या खाशाबांनी एका मेक्सिकन पैलवानाला हरवलं होतं!" तो जाम खूश झाला. मग पुढचा प्रश्न आला, "मग त्यांचा फोटो आपल्या घरात का नाही?"

आता काय सांगणार? "पुढच्या वेळी सांगते" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात चक्र सुरू आहे, म्हणून हा लेख.

आधी एक कबुली देते. मी कुस्तीतली जाणकार नाही. बाईमाणसाने तालमीत पाऊल टाकायचं नाही, असे आमचे दिवस. पण पंचवटीत वाढलेल्या मुलीला तालीम चुकत नाही. आमच्या लहानपणी वडील आणि काका दोघंही पहाटे उठून तालमीत जायचे. काकांच्या अंगाला हळद, तेल, ताक घालून मळलेल्या लाल मातीचा वास यायचा. तो वास मला आजही कुठेही ओळखता येईल. रामनवमीनंतरच्या एकादशीला आमच्याकडे रामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ निघतात. ते ओढण्याचं, सांभाळण्याचं काम आजही तालमीच्या आणि व्यायामशाळांच्या मंडळींकडेच आहे. तेव्हा जाणकार नसले तरी अगदीच परकी नाही, एवढंच.

तर खाशाबा. जन्म १९२६चा, कऱ्हाडजवळचं गोळेश्वर हे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगाने किरकोळ, उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. बघणाऱ्याला हा पैलवान वाटायचाच नाही. पण चपळाई अशी, की समोरचा पकडायला जाईपर्यंत हा त्याच्या पाठीमागे.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, खर्चाला हातभार कोल्हापूरच्या महाराजांचा. तोवर सगळं आयुष्य लाल मातीत खेळलेलं. तिथे एकदम गादी आली, नियम निराळे आले. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. शिवाय आपली कुस्ती चितपटीची, तिथे गुणांची. रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकन प्रशिक्षकाने तेवढ्या काळात जमेल ते शिकवलं. तेवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या पैलवानांना हरवलं, इराणच्या पैलवानाकडून हरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. गादीवर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाने जगात सहावं यायचं!

मग १९५२, हेलसिंकी. तिथे पोचण्याचीच एक स्वतंत्र कथा आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत लावून दिली आणि खाशाबांनी ती जिंकली. निवड झाली, आता पैसे? गोळेश्वरच्या लोकांनी आणि ओळखीच्या माणसांनी वर्गणी काढली. तरी कमीच पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे ७ हजार! माझी पहिली नोकरी त्यानंतर वीसेक वर्षांनी लागली. तेव्हाच्या माझ्या पगारातून ७ हजार साठवायचे म्हटले असते तर किती वर्षं लागली असती, त्याचा हिशोब न केलेलाच बरा.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे पैलवान हरवले. शेवटी राहिले दोघे, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह. इशींना पुढे सुवर्ण मिळालं (त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकुलतं एक), मामेदबेकोव्हना रौप्य. म्हणजे दोघंही काही ऐरेगैरे नव्हते. आता जे सांगतात ते असं. या दोन लढती खाशाबांना लागोपाठ खेळाव्या लागल्या. एक लांबलेली, दमछाक करणारी लढत संपवून घाम पुसतात तोच दुसरीचा पुकारा झाला. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम तिथे जाऊन सांगायला, हक्काने भांडायला, आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं, लिअँडर पेसचं.

मी हे सगळं आमच्या घरात मोठ्याने बोलून दाखवलं, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हरला तो हरला. अर्धा तास मिळाला असता तर जिंकलाच असता, हे कशावरून? आपल्या लोकांना कारणं सांगायची फार सवय." यांचं म्हणणं खोटं नाही. अर्धा तास मिळूनही कदाचित कांस्यच आलं असतं. पण माझा मुद्दा पदकाच्या रंगाचा नाहीच. माझा मुद्दा त्या रिकाम्या खुर्चीचा आहे. नियम होता. माणूस लायक होता. फक्त त्याच्या बाजूने उठून "अहो, याला अर्धा तास द्या" असं म्हणणारं कुणी नव्हतं.

खाशाबांची सगळी कारकीर्द मला याच अंगाने दिसायला लागली आहे. जिथे जिथे कुणीतरी बाजूला उभं राहिलं, तिथे ते पुढे गेले. गार्डनर, पतियाळाचे महाराज, गावकरी, खर्डेकर. जिथे खुर्ची रिकामी, तिथे अडले. हेलसिंकीहून परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, असं सांगतात. पुष्पहार, ढोल-ताशे, सगळं. मिरवणुकीला माणसांची कमतरता आपल्याकडे कधीच नसते हो! पण मिरवणुकीनंतर त्यांनी काय केलं ठाऊक आहे? कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकर सरांचे पैसे फेडले. पदकापेक्षाही मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

१९५५ साली ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. पंचवीसहून अधिक वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी झगडत बसले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलं गेलं तेही नंतर. २०२३ साली १५ जानेवारीला गूगलने त्यांचं चित्र लावलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी मंडळींनी "हे कोण?" म्हणून विचारलं होतं. पद्म पुरस्काराची मागणी होत राहते, बातम्या येत राहतात. माझं त्याला काहीच वावगं म्हणणं नाही, मिळायलाच हवा. पण मेलेल्या माणसाला पदवी देण्यात आपली काही झीज होत नाही. झीज होते ती जिवंत माणसासाठी उठून उभं राहण्यात.

आणि इथे मला माझ्याबद्दल लिहायला हवं. बरेच दिवस टाळलं होतं.

१९८१-८२च्या सुमाराची गोष्ट. मी नववीची वर्गशिक्षिका होते. आमच्या शाळेत कऱ्हाडकडचे एक शिक्षक होते, त्यांच्या तोंडून मी खाशाबांची आणि खर्डेकर सरांची गोष्ट ऐकली होती. तेव्हा ती फारशी कुणाला माहीत नव्हती. ५ सप्टेंबरला शिक्षकदिनाच्या कार्यक्रमात मी ती मुलांना सांगितली. घर गहाण टाकल्याचा प्रसंग सांगताना माझा स्वतःचाच गळा दाटून आला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. मी खूश.

वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. वडील गंगेवर फुलं विकायचे. पोरगा काळासावळा, काटक, कान किंचित सुजलेले (कुस्ती खेळणाऱ्यांचे होतात तसे). अभ्यासात बेताचा. ऑक्टोबरात एके दिवशी मधल्या सुट्टीत तो टीचर्स रूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, बुधवारी कुस्त्या आहेत. जिल्ह्याच्या. माझं नाव लागलंय." बुधवारी सहामाहीचा भूगोलाचा पेपर होता. स्पर्धेला जाणाऱ्या मुलाची परीक्षा नंतर घ्यायची सोय होती, मात्र वर्गशिक्षकाने तसं लिहून द्यायचं आणि मुख्याध्यापकांनी सही करायची. चार ओळींचा कागद. मी काय म्हणाले असेन? "कुस्ती महत्त्वाची की पेपर? उद्या पोट कशावर भरणार आहेस, कुस्तीवर?" त्याने मान खाली घातली, "बरं बाई" म्हणाला आणि गेला. बुधवारी तो पेपराला बसला होता. दुसऱ्या बाकावर. मला अजून दिसतो.

दहावीत तो आलाच नाही. वडिलांचं दुखणं, घरची परिस्थिती, कारणं बरीच होती. माझ्या त्या नकारानेच सगळं झालं, असा आव मी आणत नाही. पण एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. तो माझ्याकडेच का आला होता? खेळाच्या सरांकडे जाता आलं असतं, थेट मुख्याध्यापकांकडे जाता आलं असतं. महिन्याभरापूर्वी ज्या बाईने भरल्या गळ्याने खर्डेकर सरांची गोष्ट सांगितली, तिच्याकडे तो आला होता. त्याला घर गहाण टाकून नको होतं. चार ओळी हव्या होत्या.

निवृत्तीच्या जरा आधी, २००५ साल असेल, दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात मी टोमॅटो घ्यायला गेले होते. पाठीवर पोती वाहणारा एक माणूस थांबला, पोतं खाली ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलं का?" कानांवरून ओळखलं. दोन मुलींचा बाप झाला होता. चहा पाजल्याशिवाय सोडेना. निघताना हसत म्हणाला, "बाई, त्या भूगोलात मी पास झालो होतो बरं का. बेचाळीस मार्क." त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. चोवीस वर्षांनी माणूस मार्क कसे लक्षात ठेवतो, याचा विचार करत मी रिक्षाने घरी आले. टोमॅटो तिथेच राहिले.

म्हणून हल्ली खर्डेकर सरांची गोष्ट शिक्षकदिनाच्या भाषणांत, व्हॉट्सॲपवर फिरताना दिसली की मी अस्वस्थ होते. त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण आपण ती गोष्ट सांगतो कशी? 'असा गुरू होणे नाही' म्हणून हात जोडतो आणि मोकळे होतो. एका माणसाने घर गहाण टाकलं ही त्याच्या एकट्याच्या मोठेपणाची गोष्ट झाली, आणि ते त्याला टाकावं लागलं ही आपल्या सगळ्यांच्या लाजेची. शिवाय घर गहाण टाकण्याएवढं मोठं काही केलं तरच आपण पाठीशी उभे राहिलो, असं वाटू लागतं. मग चार ओळींचा कागद लिहायचंही राहून जातं. आपल्यातल्या फारच थोड्यांवर कधी घर गहाण टाकायची वेळ येईल. अर्धा तास मागून द्यायची वेळ मात्र प्रत्येकावर येते. शिक्षकावर, कारकुनावर, स्पर्धेला गेलेल्या अधिकाऱ्यावर, आईबापांवर.

आता बरंच बदललं आहे, हेही मान्य करायला हवं. सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्या आहेत, प्रशिक्षक आहेत, नोकऱ्या आहेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. स्वप्नील नेमबाजी शिकायला काही वर्षं आमच्या नाशकातच होता, त्यामुळे आम्ही नाशिककरांनी पेढे जरा जास्तच वाटले! सरकारने बक्षीस दिलं, रेल्वेने बढती दिली. चांगलं झालं. पण बातमीतलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. त्याचे वडील शिक्षक, आणि मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. १९५२ साली एक प्राचार्य, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा एक शिक्षकच. बक्षिसाचा चेक पदकानंतर येतो. काडतुसं पदकाच्या आधी लागतात.

माझं मत विचाराल तर एवढंच आहे. खाशाबांना पद्म मिळो न मिळो, प्रत्येक शाळेत त्यांचा फोटो लागो न लागो, पण खेळणाऱ्या पोराला पेपर नंतर देता येतो, हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावं, आणि पोराने मागायच्या आधी शिक्षकाने तो कागद लिहून ठेवावा. जो अधिकारी खेळाडूंबरोबर परदेशी जातो, त्याला नियमांचं पुस्तक पाठ असावं, आणि लढतीच्या वेळी तो खुर्चीत असावा. यात पैसा लागत नाही. जागेवर असणं लागतं.

काल नातवाला फोन करून हे सगळं सांगितलं (माझी गोष्टसुद्धा). तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज्जी, त्या अंकलना आता सॉरी म्हणता येईल ना?"

येईल. मार्केट यार्ड आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तो अजून तिथे असेल की नाही माहीत नाही, साठीला आला असेल. पण येत्या सोमवारी जाऊन चौकशी करणार आहे. हे बरोबर येतो म्हणालेत.

ता.क. - खाशाबांचा फोटो मिळाला. फ्रेम करायला टाकला आहे. एक प्रत टेक्सासला जाईल. वाचणाऱ्यांपैकी कुणी कऱ्हाड-गोळेश्वरकडचं असेल, किंवा ज्यांच्या घरात खाशाबांच्या आठवणी असतील, त्यांनी जरूर लिहावं. आणि शिक्षक मंडळींनो, तुमचाही एखादा न लिहिलेला कागद असेल तर तोही.